उमेद येते कुठून? सकारात्मक विचार आणि अर्थपूर्ण काम यांचा आढावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत दिवस परिपाठानं सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या आणि मग फळ्यावरचा सुविचार. जिद्द, आशा, आत्मविश्वास हे शब्द मुलांना इथंच पहिल्यांदा भेटतात. मोठेपणी तेच शब्द मोबाइलवरच्या सकाळच्या संदेशांतून, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या भिंतींवरून आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून पुन्हा समोर येतात. मन बदला, आयुष्य बदलेल, असा या साऱ्याचा सांगावा असतो.

याच गावातून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो. स्टेशनाच्या फलाटावरूनच महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते, आणि ही सीमा रोज कामासाठी ओलांडली जाते. पावसाळा सरला, भात निघालं, की कितीतरी आदिवासी कुटुंबं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात जातात. कोयता, पाल, लहान मुलं आणि पहाटेच्या अंधारात भरायची गाडी. या माणसांना ‘सकारात्मक राहा’ असं सांगताना आपण नेमकं काय सांगत असतो? आणि फक्त त्यांनाच का, गिरणीतल्या हमालाला, अंगणवाडीच्या सेविकेला, बँकेच्या खिडकीमागच्या कारकुनाला हा सल्ला कितपत उपयोगी पडतो?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले आहेत. मनात उमेद असली की काम अर्थपूर्ण होतं, हा पहिला. काम अर्थपूर्ण असलं की मनात उमेद येते, हा दुसरा. गेल्या दीडशे वर्षांत या दोन्हींवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ तपासलंही गेलं. ते सगळं वाचून आणि आपल्या मुलखाकडे पाहून माझं मत दुसऱ्या दाव्याकडे झुकलं आहे. ते का, हे इथं मांडायचं आहे.

हातांकडून मनाकडे

सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ 1859 मध्ये निघालं. आजच्या प्रेरणादायी पुस्तकांचा तो पूर्वज. पण त्यातली माणसं कारागीर, यंत्रज्ञ, संशोधक आहेत. वर्षानुवर्षं एखाद्या कामाला चिकटून बसलेली. पुढे फ्रान्समध्ये एमिल कुए या औषधविक्रेत्यानं आपण दिवसेंदिवस बरे होत आहोत, असं स्वतःला रोज सांगण्याची पद्धत रुजवली. 1937 मध्ये, अमेरिकेतल्या महामंदीच्या दशकात, नेपोलियन हिल यांनी विचारातून श्रीमंतीचा मार्ग सांगितला. 1952 मध्ये न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचाराच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं आणि हा शब्दप्रयोग जगभर पोचला. शंभर वर्षांत यशाचं उगमस्थान हळूहळू माणसाच्या हातांतून त्याच्या डोक्यात सरकलं. स्माइल्सचा माणूस काम करत होता. पीलचा माणूस आधी स्वतःला पटवत होता.

मराठीतला ओघ थोडा वेगळा वाहिला. समर्थ रामदासांच्या दासबोधात प्रयत्नाला देवाच्या बरोबरीचा मान आहे आणि आळसावर सडकून टीका आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ तर कर्म न सोडण्याचाच सिद्धांत मांडतो. या ओघातला आपल्याला सर्वांत जवळचा टप्पा धुळ्याचा आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. समोर बसलेले सत्याग्रही तुरुंगातली सक्तीची कामं करणारे कैदी होते. अशा श्रोत्यांना विनोबांनी सांगितलं ते असं: बाहेरचं कर्म आणि त्यात ओतलेलं मन, ज्याला ते विकर्म म्हणतात, ही दोन्ही एकत्र आली की कर्माचं ओझं उतरतं. नुसतं कर्म कोरडं राहतं आणि नुसतं मन हवेत राहतं. दोन्ही दाव्यांचं ओझं समान तोलणारी मांडणी मला मराठीत दुसरी दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर या ओघाला दोन शाखा फुटल्या आणि योगायोग असा की दोन्हींच्या मुळाशी 1955 हेच साल आहे. त्या वर्षी वामनराव पै यांनी जीवनविद्या मिशन सुरू केलं. माणूसच स्वतःच्या आयुष्याचा शिल्पकार आहे हा विचार त्यांनी चाळीचाळीत, गिरणी कामगारांत आणि कारकुनांत नेला. त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात आणली, तिचं प्रशिक्षण दिलं, तिच्यावर मराठीत लिहिलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेच्या कामातही तिला मोठं स्थान आहे.

विवेकनिष्ठ विचार आणि सकारात्मक विचार यांची अनेकदा गल्लत होते. बारावीत नापास झालेल्या मुलाला सकारात्मक विचार सांगतो, तू पुढच्या वेळी नक्की पहिला येशील. विवेकनिष्ठ विचार सांगतो, नापास होणं वाईट झालं, त्याचं वाईट वाटणं बरोबर आहे, पण त्यानं सगळं संपत नाही; आता पुरवणी परीक्षेसाठी काय करता येईल ते पाहू. पहिल्या वाक्यात आश्वासन आहे, दुसऱ्यात वास्तव आणि पुढचं पाऊल आहे. संकटातल्या माणसाजवळ बसायची वेळ आली तर मी दुसरं वाक्य निवडीन.

स्वप्नरंजन आणि अपेक्षा

प्रयोगांनीही हाच फरक दाखवला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि त्यांचे सहकारी थॉमस वॅडन यांचा वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवरचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण सडपातळ झालो आहोत, लोक कौतुक करत आहेत, अशी गोड चित्रं रंगवणाऱ्या स्त्रियांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे 11 किलोंनी कमी घटलं. उलट, आपल्याला हे जमेल अशी ज्यांची ठाम अपेक्षा होती त्यांचं वजन जास्त घटलं. अपेक्षा मागच्या अनुभवावर उभी असते: हे मी आधी केलं आहे, म्हणून पुन्हा करीन. कल्पनाचित्राला असा आधार लागत नाही, आणि ते मनाला आधीच पोचल्याचं समाधान देऊन टाकतं. ओटिंगेन यांनी पुढे सुचवलेली पद्धत म्हणूनच इच्छा आणि तिच्या आड येणारा अडथळा या दोन्हींचा शेजारी शेजारी विचार करायला लावते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, असं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता त्यांना अधिकच वाईट वाटलं. वाक्य आणि अनुभव यांच्यातलं अंतर त्यांना टोचत राहिलं. ज्यांना या वाक्यांची सर्वांत जास्त गरज आहे असं आपण समजतो, त्यांनाच ती अपाय करू शकतात, हे प्रत्येक शिक्षकानं आणि पालकानं लक्षात ठेवायला हवं.

मार्टिन सेलिगमन यांची कथा तर या विषयाचा गाभाच आहे. 1967 मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ मांडली. सुटका आपल्या हातात नाही हे कळलेला प्राणी पुढे सुटकेची वाट मोकळी असली तरी हलत नाही. 1998 मध्ये सेलिगमन अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सकारात्मक मानसशास्त्र ही शाखा उभी केली. पण 2016 मध्ये, अर्धशतकानंतर, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे सेलिगमन आणि मायर यांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. लांबलेल्या यातनेपुढे हातपाय गाळणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते नियंत्रण: मी काही केलं तर काही बदलतं, हा अनुभव. हा अनुभव एकदा आला की मेंदू पुढच्या संकटात तग धरतो.

याचा अर्थ फार मोठा आहे. हताश माणसाच्या स्वभावात खोट नसते. त्याच्या हातून काही बदलल्याचा अनुभव त्याला मिळालेला नसतो. हा अनुभव उपदेशातून देता येत नाही. तो कृतीतूनच येतो.

शहादा परिसरात 1972 च्या सुमारास हे घडलं. अंबरसिंग महाराजांनी भजनांतून आणि सभांतून आदिवासी सालदारांना जागं करायला सुरुवात केली होती. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांच्या मजुरीचा, गेलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन माणसं एकत्र आली. पिढ्यान् पिढ्या मालकापुढे मान खाली घालणाऱ्या माणसांना कुणी आत्मविश्वासाचं शिबिर दिलं नव्हतं. एकत्र येऊन काही मिळवता येतं, हे त्यांनी करून पाहिलं आणि मान वर झाली. त्याच चळवळीतल्या बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात सकारात्मक विचाराचा याहून बोलका पुरावा मला सापडत नाही.

काम अर्थपूर्ण कशानं होतं

आता दुसरी बाजू. काम नसलं की काय होतं, हे आधी पाहू. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीतली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी 1931-32 मध्ये तिथं जाऊन अभ्यास केला. तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यानं सावकाश चालू लागले, वाटेत थांबू लागले. दिवसाला आकार देणारं, माणसांत मिसळायला लावणारं, आपली गरज आहे हे सांगणारं काम गेलं की विचारांचीही घडी मोडते. पगार हा कामाचा एक भाग आहे. उरलेले भाग काम सुटल्यावर कळतात.

पण कोणतंही काम चालतं का? अमेरिकेतले संशोधक हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी 1976 मध्ये पाच गोष्टी सांगितल्या. कामात वेगवेगळी कौशल्यं लागावीत. एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावी. तिचा कुणाच्या तरी आयुष्यावर परिणाम व्हावा. ती कशी करायची हे ठरवण्याची मोकळीक असावी. आणि ती कशी झाली हे आपल्याला कळावं. पुढच्या अभ्यासांनी या यादीला भरपूर दुजोरा दिला.

2008 मध्ये डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना पैसे देऊन लहान खेळणी जोडायला सांगितली. एका गटाची तयार खेळणी टेबलावर ओळीनं मांडून ठेवली. दुसऱ्या गटाची त्यांच्यादेखत पुन्हा सुटी केली. पैसे सारखेच. पहिल्या गटानं सरासरी 10.6 खेळणी जोडली, दुसऱ्यानं 7.2 वर हात थांबवले. हे वाचताना 1972 चा दुष्काळ आठवतो. दुष्काळी कामांवर लाखो माणसं खडी फोडत होती. त्या मजुरीनं प्राण वाचवले, त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पण फोडलेली खडी ढिगात पडून राहणं आणि तितक्याच घामातून आपल्या शिवारात बांध उभा राहणं यांत फरक आहे. बांध पुढच्या पावसाळ्यात पाणी धरतो आणि तो आपण घातला हे मुलांना दाखवता येतं. रोजगार हमीत खडी कमी आणि जलसंधारण जास्त असावं, हा आग्रह आर्थिक आहेच. तो माणसाच्या मनाच्याही बाजूचा आहे.

परिणाम दिसला की काय होतं हे ॲडम ग्रँट यांनी 2007 मध्ये दाखवलं. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिन्याभरानं पाहिलं तर ते फोनवर दुपटीहून जास्त वेळ घालवत होते. त्यांना कुणी प्रेरणादायी भाषण दिलं नव्हतं. आपल्या कष्टाचं फळ ज्याच्या हाती पडलं तो माणूस त्यांनी पाहिला होता. एमी व्झेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयाच्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून असंच लिहिलं. काहीजण स्वतःला फरशी पुसणारे म्हणत, काहीजण रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक म्हणत आणि त्यानुसार कामात स्वतःहून भर घालत.

या शेवटच्या अभ्यासात मनाचा वाटा दिसतो, आणि तो नाकारायचा नाही. तेच काम दोन माणसं दोन मनांनी करतात. पण ज्या कर्मचाऱ्यानं कामाला वेगळा अर्थ दिला, त्याला रुग्णाशी बोलायची, थोडं जास्त करायची जागा तिथं मिळाली होती. विकर्माला शिरायला कर्मात फट लागते.

आपल्या मुलखात

नवापूरची तूरडाळ प्रसिद्ध आहे. ‘नवापूर तूरडाळ’ या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेरणीपासून डाळ होईपर्यंतची सगळी वाट या एका परिसरात पार पडते, आणि पोत्यावर गावाचं नाव जातं. आपल्या कामाचं टोक आपल्याला दिसण्याची ही सोय आहे. तेच औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या मुलाला कापडाचा एकच टप्पा दिसतो. त्याच्या हातून गेलेलं सूत कुणाच्या अंगावर चढलं, हे त्याला कधी कळत नाही. त्याला ते कळावं, त्याच्या सूचना ऐकल्या जाव्यात, यासाठी काही करणं मालकाच्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्च लागत नाही.

नवापूरचं नाव देशभर गेलं ते मात्र संकटानं. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची लागण झाल्याचं पहिल्यांदा जाहीर झालं, ते नवापूरच्या पोल्ट्रीत. परिसरातले लाखो पक्षी मारून पुरावे लागले. अंडी-चिकनचा बाजार देशभर कोसळला. व्यवसाय पुन्हा उभा राहिला आणि 2021 मध्ये तोच आजार त्याच गावात परत आला. इथल्या पोल्ट्रीचालकांची जिद्द कौतुकाची आहेच. तरी या दोन संकटांतून शिकण्यासारख्या दोन गोष्टी जिद्दीच्या पलीकडे आहेत.

पहिली अशी की या धंद्यात खरी आशा वाईट शक्यतेचा विचार करण्यातच आहे. शेडच्या दाराशी पाय बुडवायचं जंतुनाशक, जंगली पक्षी आत येऊ नयेत म्हणून जाळी, बाहेरच्या माणसाला आणि गाडीला मज्जाव, मरतुकीची रोज नोंद आणि शंका येताच कळवणं. ‘आपल्याकडे काही होणार नाही’ हा विचार सकारात्मक वाटतो, पण तो विषाणूच्या सोयीचा असतो. दुसरी गोष्ट अशी की भरपाई पक्ष्यांच्या संख्येवर ठरते. अंडी गोळा करणाऱ्या, खाद्य टाकणाऱ्या मजुराच्या नावावर पक्षी नसतो. शेड रिकामं झालं की त्याची मजुरी जाते आणि हिशेबात तो कुठेच येत नाही. त्याला मन खंबीर ठेव असं सांगण्याआधी त्याच्या बुडालेल्या दिवसांची काही तजवीज व्हायला हवी.

वाईटाचा आधी विचार करण्याचं फळ या जिल्ह्यानं करोनाच्या काळात पाहिलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, आदिवासी कुटुंबातले. सप्टेंबर 2020 मध्ये, दुसरी लाट यायच्या कितीतरी आधी, त्यांनी हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प नंदुरबारला बसवून घेतला आणि नंतर आणखी उभारले. 2021 च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा राज्यातला हा मागास समजला जाणारा जिल्हा सावरून उभा होता. पहिली लाट ओसरली, आता संकट गेलं, असं मानणं त्या वेळी सोपं होतं. त्यांनी तसं मानलं नाही.

आणि आमच्या शेजारचं बारीपाडा. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेलगतचं हे आदिवासी गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथलं जंगल तुटून गेलं होतं, पाण्यासाठी वणवण होती. चैत्राम पवार हा गावचा तरुण एम.कॉम. होऊन नोकरीसाठी बाहेर न जाता गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली. गावानं नियम केले: झाड तोडणाऱ्याला दंड, तोडणाऱ्याची खबर देणाऱ्याला बक्षीस, ठरावीक भागात चराईबंदी. श्रमदानातून दगडमातीचे बांध आणि चर झाले. काही वर्षांत चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभं राहिलं, विहिरींत पाणी टिकू लागलं, भात-भाजीपाल्याची शेती सुधारली. 2004 पासून इथं वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते आणि रानातल्या भाज्या ओळखणाऱ्या, रांधणाऱ्या बायकांचं ज्ञान मानानं पुढे येतं. 2025 मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्यात हॅकमन-ओल्डहॅमच्या पाचही गोष्टी सापडतात. कामात कौशल्य आहे, सुरुवात आणि शेवट गावातच आहे, परिणाम स्वतःच्या विहिरीत दिसतो, नियम गावानं केले आहेत आणि दर पावसाळा निकाल सांगतो. कुणी आधी आशावादी होऊन कामाला लागलं, असं तिथं झालेलं दिसत नाही. लहान काम झालं, त्याचं फळ दिसलं, त्यातून पुढच्या कामाचं बळ आलं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत घर उभारायला किंवा शेताच्या कामाला सगळ्यांनी मिळून जाण्याची ‘लाह’ची रीत आहे, इतरत्र सावड आणि इर्जिक आहे. एकट्यानं मनाशी झुंजण्यापेक्षा चार हात मिळून काम उरकणं हा उमेदीचा जुना, घरचा उपाय आहे.

बाबा आमटे यांनी 1949 पासून आनंदवनात हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. समाजानं टाकलेल्या कुष्ठरुग्णांना त्यांनी दयेवर जगवलं नाही. शेती, सुतारकाम, विणकाम हाती दिलं. झडलेल्या बोटांनी पिकवलेलं धान्य लोक विकत घेऊ लागले, तेव्हा त्या माणसांची स्वतःकडे पाहण्याची नजर बदलली.

अर्थाच्या नावाखाली होणारा अन्याय

इथवर अर्थपूर्ण कामाची बाजू घेतली. तिचा गैरवापर कसा होतो हे सांगितलं नाही तर हा आढावा अपुरा राहील. अमेरिकेतल्या बंडरसन आणि थॉम्पसन यांनी 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या प्राणिरक्षकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. हे काम आपल्यासाठीच आहे असं मानणाऱ्या रक्षकांना त्यात खोल समाधान होतं. आणि तेच कमी पगार, जास्त तास, व्यवस्थापनाचा अन्याय निमूट सोसत होते. कामावरचं प्रेम हे सोसायचं कारण बनतं.

आपल्याकडच्या आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याकडे पाहा. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. पाड्यापाड्यावर जाऊन गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन, लसीची आठवण, रात्री-अपरात्री दवाखान्यापर्यंत सोबत. बाळ वाचलेलं डोळ्यांनी दिसतं. याहून अर्थपूर्ण काम शोधून सापडणार नाही. पण कागदावर त्या स्वयंसेविका आहेत, त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तो वाढावा म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागतं. सेवेचं कौतुक करून दाम टाळणं ही या कामाची सर्वांत मोठी अवहेलना आहे. काम जितकं अर्थपूर्ण, तितका त्याचा मोबदला रास्त असायला हवा.

व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या मनोविकारतज्ज्ञानं 1946 मध्ये लिहिलं की अर्थ तीन वाटांनी सापडतो: कामातून, प्रेमातून आणि अटळ दुःखाला आपण कसे सामोरे जातो त्यातून. यातला ‘अटळ’ हा शब्द सोडून फ्रँकल वापरले जातात. टाळता येण्याजोगं दुःख असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. ऊसतोडीच्या कुटुंबाचं मूल शाळेबाहेर राहणं, उचलीचा हिशेब कधीच न फिटणं, हे अटळ दुःख नाही. तिथं मनाला वळण लावण्याच्या आधी हिशेबाला वळण लावायला हवं.

मग करायचं काय?

स्वतःपुरतं पाहिलं तर या साऱ्या अभ्यासातून निघणारा सल्ला साधा आहे. मन लागेल तेव्हा काम सुरू करू, असं म्हणून थांबू नये. हातात मावेल एवढं काम घ्यावं आणि ते पुरं करावं. त्याचा उपयोग ज्याला झाला त्याला एकदा तरी भेटावं. आडवं काय येऊ शकतं याचा आधीच विचार करून ठेवावा आणि तो विचार नकारात्मक आहे म्हणून त्याला घाबरू नये. शक्य तेव्हा एकट्यानं करू नये. मन उदास असताना उदास असण्याची मुभा स्वतःला द्यावी. आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल तर सुविचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

पण जे इतरांना काम देतात, इतरांना शिकवतात, त्यांच्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. शिक्षकानं मुलाला तू करू शकतोस असं सांगण्यापेक्षा त्याला जमेल असं गणित द्यावं, मग थोडं अवघड द्यावं. मालकानं प्रेरणेच्या शिबिरावरचा खर्च रास्त मजुरी, वेळेवर पगार आणि कामगाराचं म्हणणं ऐकणं यांवर करावा. सरकारनं मानधनाचं वेतन करावं आणि भरपाईच्या तक्त्यात मजुराचा रकाना घालावा.

आदिवासी भागात याचं कायदेशीर साधनही आपल्या हाती आहे. नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीत आहे. इथं 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या जंगलातल्या बांबूचं काय करायचं ते ग्रामसभेत ठरवलं. आमच्या पाड्यांतल्या ग्रामसभांनीही असेच हक्क पुरते वापरले, कोणतं काम हवं, कधी हवं, कुठं हवं हे स्वतः ठरवलं, तर फडात जाणाऱ्या काही गाड्या तरी गावातच थांबतील. आपलं काम आपण ठरवण्याचा हा अधिकार माणसाला मिळाला की त्याला आशावादी व्हायला कुणी शिकवावं लागत नाही. तो अधिकार मिळवून देणं हे आपल्या भागातलं आजचं सर्वांत अर्थपूर्ण काम आहे, आणि ते करायला पुरेशी माणसं इथं आहेत, असा माझा पक्का विश्वास आहे.